आईंना अभिजितचा बास मासा बघायचा होता

अभिजित जानेवारीत गेला. ऑफिसातच, हार्ट अटॅकने. त्याच्या आईंचा व्हिसा आला मार्चमध्ये. मुलाचं शेवटचं दर्शन माझ्या सासूबाईंनी वाईच्या घरी बसून व्हिडिओ कॉलवर घेतलं. आमच्या लंडनला, म्हणजे ऑन्टॅरिओतल्या लंडनला, त्या पोचल्या तेव्हा बघायला उरले होते त्याचे विंटर बूट आणि गॅरेजमधले गळ. ऑगस्टअखेर त्यांचं परतीचं तिकीट होतं. त्याआधी कुठे जायचंय का, असं मी विचारलं. मला वाटलं, नायगारा म्हणतील.

म्हणाल्या, "तो बोटीतून फोनवर दाखवायचा ना, तो मासा. तेवढा एकदा डोळ्यांनी बघू दे, मग जाते."

वाईच्या सोवळ्यातल्या घरातला हा मुलगा. आयुष्यात मासा चाखला नाही, पण उन्हाळ्यातल्या दर शनिवारी बास पकडायचा, आईला फोनवर दाखवायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. मी अलिबागची. असला मासा परत पाण्यात जाताना बघून माझा जीव तुटायचा. "तुझ्या डोळ्यांत मला वाटण दिसतंय," असं तो चिडवायचा. आता चिडवायला कुणी नाही.

तर हा ब्लॉग वाचून ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: बाससाठी नावाजलेल्या कवार्था लेक्सला, म्हणजे तिथल्या तळ्यांवर, लंडनहून ४०१ हायवेने जायचं, आणि टोरोंटो भल्या सकाळी ओलांडायचं, नाहीतर अर्धा दिवस ब्रेकवर पाय ठेवून जातो. कॉटेज आठवड्याच्या मधल्या दिवसांत घ्या, बरंच स्वस्त पडतं. फिशिंगचं लायसन्स घरूनच ऑनलाइन काढा. वाटेत खायला आईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, त्यामुळे टिम हॉर्टन्सच्या रांगेत मी फक्त कॉफीपुरती उभी राहिले.

तळ्याजवळच्या दुकानात फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारीच गळाला लावायच्या गांडुळांचे डबे होते. आईंनी उचललेलं दूध गुपचूप जागेवर ठेवलं.

"आपण कोराच चहा पिऊ गं."

दुकानवाल्या बाईंना मी विचारलं, मोठे बास कुठे मिळतील? "बिग वन्स? दे आर डीप नाऊ, हनी. पाण्याचा रंग काळपट दिसेल तिथे जा," असं अर्धं बोलून, अर्धं हातवारे करून त्यांनी सांगितलं. अभिजितही हेच म्हणायचा. उन्हाळ्यात पाणी तापलं की मोठा मासा खोलात जातो, पाणगवताच्या कडेला, गारव्याला. उथळात येतो तो सकाळ-संध्याकाळ, खायला.

कॉटेजवाल्याची छोटी बोट घेऊन मी खोलात गेले. आईंचे गुडघे बोटीत चढू देईनात, त्या लाकडी धक्क्यावर खुर्ची टाकून बसल्या. पहिल्या दुपारी काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर येईपर्यंत गळ टाकत होते, तेव्हा हातभर शेवाळ मिळालं. लांबून आई कपाळावर हात धरून माझ्याकडे बघताना दिसत होत्या. त्यांना एक मासासुद्धा दाखवता येऊ नये? बोटीत बसून मी ओक्साबोक्शी रडले. तिथे कुणाला ऐकू जात नाही, एवढं एक बरं होतं.

तिसऱ्या सकाळी चेकआउट. मी गाडीत सामान भरत होते. आदल्या रात्रीची कणीक उरली होती, ती घेऊन आई धक्क्यावर गेल्या. वाईला कृष्णेच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालायची त्यांची सवय. देवदर्शन झालं की माशांना खाऊ घालूनच घरी. इथेही बोराएवढ्या गोळ्या वळून एकेक टाकत होत्या. लहान लहान पट्टेरी मासे गोळा झाले, त्यांची झुंबड उडाली.

"मृणाल! अगं, धाव!"

मी पळत गेले. धक्क्याच्या सावलीतून तो सावकाश बाहेर आला होता. गडद हिरवा, कुशीवर काळा पट्टा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. छोट्या माशांची गर्दी झाली म्हणून तो आला होता, त्यांना खायला. गुडघाभर पाणी, तळाची वाळू दिसत होती. एकदा पाणी उसळलं, एक छोटा मासा नाहीसा झाला आणि हा पुन्हा आमच्या समोर स्थिर उभा राहिला. कल्ले तेवढे हलत होते.

आई वाकून बघत होत्या. "अगं बाई, केवढा हा! हाच, हाच तो." मग माशावरची नजर न काढता त्यांनी हात मागे केला.

"अभिला फोन लाव पटकन. दाखव त्याला."

माझ्या हातात फोन होता. आईंचा हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. त्या तिथेच लाकडावर बसल्या आणि कॅनडात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यांदा रडल्या. मी त्यांना धरून बसले. मासा केव्हा गेला, ते आम्ही पाहिलं नाही.

दोन दिवसांनी त्यांना टोरोंटोच्या विमानतळावर सोडलं आणि रिकाम्या घरी आले. ब्लॉगवर तुम्ही विचारता, उथळ की खोल? ऑगस्टात सकाळ असेल तर आधी किनारा बघा. मी तो बघितलाच नव्हता. दोन दिवस ज्याला शोधायला लांब गेले, तो आईंच्या खुर्चीखाली असेल हे डोक्यातच आलं नाही. गळाला मोठा बास लागला का, तर नाही. पुन्हा जाईन का, तर अजून हिंमत होत नाही.

आई आता दर शनिवारी फोन करतात, अभिजितच्या फोनच्या वेळेला. बोलायला दोघींकडेही फारसं नसतं. जेवलीस का, दारातला बर्फ उपसलास का, एवढंच. परवा त्यांनी विचारलं, "तळं गोठलं का गं?"

"गोठलं असेल आता."

"मग तो मासा कुठे जातो?"

"खोलात, आई. तळाशी. खाणं कमी, हलणं कमी. वरून काहीच दिसत नाही."

"पण असतो ना?"

"असतो."

"बरं," म्हणाल्या. फोन त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही.