कानात नाव सांगायला कुणी जायचं

"या पॉझिटिव्ह आहेत," डॉक्टर म्हणाल्या, "आणि बाळ आजच काढावं लागेल."

या म्हणजे वैशाली, माझ्या धाकट्या भावाची बायको. तिला आठवा संपत आला होता. दोन दिवस खोकला होता, आणि धारवाडात खोकल्याला कोण विचारतं? मी काढा करून पाजला. "अक्का, रोग परवडला, तुमचा काढा नको," ती म्हणाली होती. माझ्या स्वयंपाकाबद्दल घरात सगळ्यांचं हेच मत आहे.

हुबळीच्या हॉस्पिटलात सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, बघून तिला तडक आत नेलं. सिझेरियन झालं. मुलगी. रडली म्हणे, पण बारीक. तिला एनआयसीयूत ठेवलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तिथं काचेच्या पेटीत उबेला ठेवतात. वैशाली वरच्या मजल्यावर, कोविड वॉर्डात. आईनं लेकीला पाहिलंसुद्धा नाही.

भाऊही पॉझिटिव्ह, घरात कोंडलेला. उरले मी. घरात माझ्यापुढे कुणाची बोलायची टाप नाही, पण हॉस्पिटलच्या फाटकावरच्या वॉचमननं "अम्मा, त्या झाडाखाली" म्हटलं, की मी मुकाट झाडाखाली.

आमच्यात बारशाआधी बाळाचं नाव उच्चारत नाहीत. पाळण्यात घालून आत्यानं ते कानात सांगायचं. आत्या मीच, त्यामुळे गेले काही महिने मी वैशालीला नावं सुचवून भंडावलं होतं. तिनं त्यातलं एकही घेतलं नाही. स्वतःचं ठरवलं होतं, पण नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "बाराव्या दिवशी तुम्हालाच आधी सांगेन," म्हणाली होती.

मग डॉक्टरांचा फोन आला. इंट्युबेट करावं लागतंय. घशातून नळी घालून श्वास यंत्रावर द्यायचा. "नळी घातल्यावर त्यांना बोलता येणार नाही. आताच बोलून घ्या."

रेणुका नावाच्या सिस्टरनं आपल्या फोनवर वैशाली दाखवली. मास्क, डोळे, आणि ऑक्सिजनचा आवाज. तिचे ओठ हलत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. मी मूर्खासारखी "जेवलीस का" विचारत बसले. सिस्टरनं तिच्या तोंडाजवळ कान नेला, आणि फोन बंद झाला. मला वाटलं, पाणी मागत असेल.

त्यानंतर वैशाली शुद्धीवर आली नाही. ती गेली. घरी आणताही आलं नाही.

तुमचं माणूस आत जात असेल, तर त्याला काय सांगायचंय ते फाटकावरच विचारून घ्या. रीत, मुहूर्त मागाहून बघता येतात.

बाळ घरी आलं, भाऊ बरा झाला. बारसं करावं तर नाव कुठलं? भाऊ म्हणाला, "अक्का, तू सुचवलेलं ठेव एखादं." माझ्या तोंडून एकही निघेना.

बारशाच्या सकाळी रेणुकाचा फोन आला. कन्नडमध्ये तिनं विचारलं, "मुक्ता कशी आहे, अक्का?"

"कोण मुक्ता?"

ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नाही?"

वैशालीनं तिला विचारलं होतं, आत्याला आत सोडत नाहीत, तर कानात नाव सांगायला कुणी जायचं? कोविड वॉर्डातल्यांना बाळांकडे जायची बंदी होती. रेणुकानं इंटरकॉमवरून खालच्या शबाना सिस्टरला नाव सांगितलं. शबानानं पेटीच्या खिडकीला तोंड लावून ते बाळाला सांगितलं, आणि उलटा निरोप वर दिला. नळीची तयारी चालली होती तेवढ्यात रेणुका वैशालीच्या उशाशी जाऊन म्हणाली, "सांगितलं. हात हलवला तिनं."

"मग त्या हसल्या," रेणुका म्हणाली. "मास्कमधूनही कळतं, अक्का."

संध्याकाळी बायका दोनच आल्या, त्याही लांब उभ्या. मी पाळण्यावर वाकले. मुक्ताला तिचं नाव आधीच कळलं होतं. आत्या उशिरा पोचली होती. म्हणून मी तिच्या कानात दुसरी दोन नावं सांगितली. रेणुका. शबाना.