नाक्यापाशी थांबलेला बंब

चुडामण ड्रायव्हरचा नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर भारी जीव. दसऱ्याला झेंडूची माळ आधी बंबाला, मग घरच्या देवाला. पितळी घंटा तो चिंचेने घासायचा आणि बायको कमलबाई कुरकुरायची, की माझी भांडी कधी अशी घासली नाहीत! जळगाव-धुळे रस्त्यावरच्या त्या तालुक्याच्या गावात त्याचं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. आसपासच्या खेड्यात गंजी पेटली, की धूर पाहूनच तो बंब काढायचा. पालिकेची हद्द कुठे संपते, याची त्याने कधी पंचाईत केली नव्हती.

ती पंचाईत सरकारने केली. सत्तावन्न साली वरून हुकूम आला, की बंब हद्दीबाहेर न्यायचा तर प्रांतसाहेबांची लेखी परवानगी हवी. आगीने आधी अर्ज करावा, मग पेटावं! चुडामणने हुकूम ऐकला आणि पुढच्याच आठवड्यात शेजारच्या खेड्यातली कडब्याची गंजी विझवून आला. त्याबद्दल शाबासकी नाही, ठपका मिळाला. पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल, असं मुख्याधिकाऱ्यांनी तोंडावर सांगितलं. तेव्हापासून त्याच्या मनात धाक बसला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी आली नाही, तर तो सणच नव्हे. धाकट्या बहिणीला आणायला चुडामण स्वतः मुराळी म्हणून गेला. भिकुबाईचं सासर पालिकेच्या हद्दीवरच्या नाक्यापलीकडे दोन मैलांवर. भाव येईल म्हणून तिने घरात कपाशी भरून ठेवली होती आणि भिंतीला लागून शेजाऱ्याची कडब्याची गंजी होती. तिचा पाय निघेना.

"भाऊ, मी उनू तर घर कोन देखी?" ती म्हणाली. नवऱ्याचा, नथ्थूचा, तिला भरवसा नव्हता. आखाजीला गडी एकदा पत्त्यांना बसला, की घर गेलं तरी उठायचा नाही.

चुडामण हसला. "तुना भाऊ बंबवर शे, तू काबर डरस?"

त्या बोलावर तिने घराला कुलूप लावलं, पोरं घेतली आणि आली.

आखाजीच्या दिवशी दुपारी कडुनिंबाच्या झोक्यावर भिकुबाई गात होती. तेवढ्यात तिच्या गावचा छगन सायकल हाणत आला. गंजी पेटली होती आणि आगीने तिचं घर धरलं होतं.

चुडामणने बंब काढला आणि घंटा बडवत नाक्यापर्यंत आणला. तिथे आडवी साखळी. पालिकेचा कारकून लीलाधर परवानगीसाठी प्रांतांच्या बंगल्याकडे धावला होता. नाकेदार वना साखळीला हात घालून उभा होता.

"चुडामणभाऊ, काढू का? मी काही देखं नही, असं सांगसू."

समोर बाभळींच्या वर काळा धूर चढत होता. चुडामणचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. डोळ्यांपुढे मुख्याधिकारी, घरातली पाच तोंडं आणि गेलेली नोकरी.

"थांब," तो म्हणाला. "लीलाधर येसच."

लीलाधर काही येईना. साहेब दौऱ्यावर, शिपाई सणाला घरी, शिक्का कुलपात. चुडामण स्टिअरिंगवर मुठी आपटत सरकारला, साहेबाला, साऱ्या जगाला शिव्या देत होता. टाकी काठोकाठ भरलेली आणि घर डोळ्यांसमोर जळतंय! अशा वेळी माणसाने कुणाचं डोकं फोडावं?

तेवढ्यात मागून भिकुबाई धावत आली. कडेवर आखाजीची घागर होती, त्यांच्या मेलेल्या बापाच्या नावाने सकाळी पूजलेली. घरात भरलेलं तेवढंच पाणी तिला दिसलं असावं. तिने बंबाकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं.

"भाऊ, या घागरले बी परवानगी लागस का?"

उत्तराची वाट न पाहता ती साखळीखालून वाकून गेली.

परवानगी आली तेव्हा धूर पांढरा झाला होता. वरातीमागून घोडं तसा बंब गावात शिरला. चार भिंती उभ्या होत्या. आत कपाशीचा ढीग अजून धुमसत होता आणि नथ्थूच्या हातात पत्ते तसेच होते. भिकुबाई उंबऱ्यावर बसली होती, शेजारी रिकामी घागर. चुडामणने टाकी संपेपर्यंत राखेवर पाणी मारलं. त्याला कुणी थांबवलं नाही. परवानगी होती ना!

घर पुढे लोकांनी हातभार लावून उभं केलं. भिकुबाईने भावाला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. चुडामणलाच ते जास्त लागायचं. दोन शिव्या घालती तर बरं, असं तो कमलबाईला म्हणायचा. बंबाची घंटा काळी पडली, त्याने चिंच लावली नाही.

पुढच्या आखाजीला तो मुराळी म्हणून गेला. भिकुबाईने भावाला पाट दिला, खापरावरची पुरणपोळी वाढली, निघताना पोरांना त्याच्याबरोबर धाडलं. स्वतः मात्र दाराशीच उभी राहिली.

"चाल ना, भिकू," तो म्हणाला.

"तू जाय, भाऊ," ती म्हणाली. "मी घर देखस."