तोंडात धरलेलं पाणी

वापीच्या डॉक्टरांनी पडद्यावर माझा गळा दाखवला तेव्हा बाबा माझ्यापेक्षा जास्त वाकून बघत होते. ओल्या गुलाबी पडद्यांसारख्या दोन पट्ट्या उघडत-मिटत होत्या आणि दोन्हींवर समोरासमोर तांदळाच्या कणीएवढा एकेक फोड होता. डॉक्टर म्हणाले, "गाठी आहेत. आज गप्प बसलीस तर औषधाशिवाय जातील. बोलत राहिलीस तर कापाव्या लागतील, आणि कापल्यावर आवाज हाच राहील याची खात्री मी देणार नाही. महिनाभर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण येतो."

बाबांनी विचारलं, "स-सभेपर्यंत?"

डॉक्टरांना कुठली सभा ते माहीत नव्हतं. ते गुजरातीत म्हणाले, "सभा तो आवशे ने जशे. गळुं एक ज छे." मग माझ्याकडे वळून त्यांनी झोप, जेवण, पाणी, जळजळ असं सगळं विचारलं आणि शेवटी, "राग किती वेळा येतो?" आवाज बसल्यापासून जवळ ठेवलेल्या पाटीवर मी लिहिलं, 'रोज.' ते हसले नाहीत. "गळा एकटा आजारी पडत नाही, बेटा. माणूस आजारी असतो, दुखतं फक्त तिथे."

असली वाक्यं मला तेव्हा सहन होत नसत. नरपडच्या वाटेवर एका चिकूच्या वाडीत 'तन, मन, आत्मा' असा बोर्ड लावलेलं केंद्र उघडलं होतं. शनिवारी गाड्या भरून माणसं यायची, मातीचे लेप लावून घ्यायची, रविवारी परत जायची. त्याच वाडीत फळं तोडणाऱ्या बायकांना पाठदुखीसाठी सरकारी दवाखान्यात अर्धा दिवस रांग लावावी लागायची. आरोग्य ही सुट्टीत विकत घ्यायची वस्तू नाही, असं मी कॉलेजात असताना एका पत्रकात लिहिलं होतं. ते मला आजही तसंच वाटतं.

पत्रकांवरच मी वाढले. बाबा डहाणूला रेल्वेत कारकून होते, त्यामुळे त्यांचं नाव कशावर छापता येत नसे. आणि ते अडखळत बोलत, त्यामुळे सभेत उभं राहता येत नसे. म्हणून ते लिहीत आणि मी वाचत असे. तलासरीच्या बाजाराच्या दिवशी हातपंपाच्या कठड्यावर मला उभं करायचे. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. पाड्यांवरून आलेल्या कित्येकांना वाचता येत नसे, म्हणून आमची पत्रकं वाटण्याआधी मोठ्याने वाचली जात. बाबा वाक्य लिहिताना माझा श्वास मोजत. मी मोठी होत गेले तशी त्यांची वाक्यं लांब होत गेली. पुढे पुढे त्यांच्या पत्रकात थांबायला जागाच राहिली नाही. त्यांच्या तोंडात जे अडायचं ते माझ्या तोंडून धो धो वाहायचं, आणि ते खाली उभे राहून ओठ हलवत असायचे.

त्या वर्षी वाढवणच्या बंदराची चर्चा पुन्हा पेटली होती. महिनाअखेर किनाऱ्यावरच्या एका गावात सभा ठरली होती आणि बंदराविरुद्धचं भाषण माझं होतं.

घरी राहिले असते तर कुणी ना कुणी येऊन मला बोलायला लावलं असतं. आईने मला तिच्या भावाकडे पाठवलं. मामाचं गाव वाढवणच्या अलीकडे, समुद्राला लागून. तो दागिन्यांच्या डाय करायचा. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीने नक्षी खोल कोरायची, मग त्यावर पत्रा दाबला की तीच नक्षी उठून येते. कानातली, पदकं, बांगड्यांवरची फुलं. त्या भागात घरोघरी ती टकटक चालायची.

मामाची एक सवय होती. कामाला बसताना तो तांब्यातून पाण्याचा मोठा घोट घ्यायचा आणि तो गिळायचा नाही, गालात धरून ठेवायचा. हातातली पाकळी पुरी होईपर्यंत. गिऱ्हाईक आलं तरी बोटानेच 'बस' म्हणायचा. मी पाटीवर 'का?' लिहिलं तेव्हा त्याने आधी पाकळी संपवली, घोट गिळला आणि म्हणाला, "तोंड भरलेलं असलं की श्वास नाकानेच घ्यावा लागतो. सावकाश. हात थरथरत नाही. आणि मामीशी भांडण होत नाही."

आतून मामी म्हणाली, "भांडण होतं. मी एकटी करते."

दुपारी ओहोटी लागली की तो मला घेऊन किनाऱ्यावर जायचा. डोळ्यांसाठी, म्हणायचा. दिवसभर वीतभर अंतरावर बघितलेले डोळे लांब सोडायला हवेत. काळे सपाट खडक उघडे पडलेले, त्यांवर वाकून कालवं काढणाऱ्या बाया, आणि खडकांच्या अलीकडे वाळूत बारक्या खेकड्यांनी घातलेली रांगोळी. एकेका बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या, मधून बाहेर जाणाऱ्या रेघांत मांडलेल्या. दोन बिळांची नक्षी सारखी नाही. भरती आली की सगळी पुसली जाणार, दुसऱ्या ओहोटीला नवी. मामा उकिडवा बसून बघत राहायचा, कागदावर काढून मात्र घेत नसे. दोन दिवसांनी ती नक्षी एखाद्या झुमक्याच्या कडेला दिसायची.

पहिला आठवडा मी रागात काढला. डोक्यात भाषण चालूच असायचं आणि ते चालू असलं की गळा आपोआप आवळायचा, न बोलताही दुखायचा. हे लक्षात आलं तेव्हा मी घाबरले. म्हणजे तोंड मिटून उपयोग नव्हता. मी मामासारखा घोट धरून बसू लागले. पाणी तोंडात असताना घोषणा मनातसुद्धा नीट म्हणता येत नाही, करून बघा. झोप लागू लागली. मामाने लाकडाची एक जाड फळी आणि दोन बोथट छिन्न्या माझ्यापुढे टाकल्या. "पोलाद नको. लाकूड चुका खपवून घेतं."

मी खडक कोरले, वाकलेल्या बाया कोरल्या, खेकड्यांची रांगोळी कोरली. फळीची डावी बाजू बंदरासाठी ठेवली होती. तिथे काय कोरायचं ते सुचेना. क्रेन, भिंत, जहाज, सगळंच कॅलेंडरावरचं वाटायचं. मी एकही बंदर जवळून बघितलेलं नव्हतं, नुसतं त्याच्यावर बोलले होते. शेवटी ती बाजू कोरी राहिली. शाई लावून कागद दाबला तर डावीकडे उजळ किनारा आणि उजवीकडे नुसतं काळं.

सभेच्या आदल्या दिवशी बाबा भाषण घेऊन आले. दाट अक्षरातले कागद माझ्या मांडीवर ठेवले, मग सभेत वाटायला म्हणून दोरीवर वाळत घातलेले माझे छाप बघितले.

"य-यात शब्द कुठेत?"

मी मान हलवली. नाहीत.

"लोक म्हणतील, च-चित्रकलेच्या स्पर्धेला आलोय."

"दाजी, बसा तर खरं," मामा म्हणाला. "चहा घ्या."

"पाच मिनिटं बोल. फ-फक्त पाच. महिना होतच आलाय. नाहीतर बंदरवाले म्हणतील, घाबरली."

मी पाटी उचलली नाही. मला बोलायचं होतं, हेच कठीण होतं. गळा बरा वाटत होता. पाच मिनिटांनी काही होणार नाही असं मलाही वाटत होतं, आणि डॉक्टरांचा 'खात्री देणार नाही' हा शब्दही ऐकू येत होता.

मामा म्हणाला, "तुमच्या लिखाणात श्वास घ्यायला जागा नाय, दाजी. पोरगी कुठे घेणार?"

बाबांनी चहा तसाच ठेवला. जाताना कागद मात्र माझ्याजवळ सोडले.

सभा शाळेच्या पटांगणात होती. मामीने आणि शेजारणींनी माझे छाप आधीच वाटले होते. माझ्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली. बंदराच्या बाजूने बोलायला कुणीतरी एका गृहस्थांना आणलं होतं. चांगले बोलत होते, तेच वाईट होतं. नोकऱ्या, रस्ते, दवाखाने. मग ते म्हणाले, "विरोध कोण करतंय? गावोगाव फिरून ओरडणाऱ्या मुली. आज बसल्यात की समोर. आज का तोंड उघडत नाहीत?"

मागे कुणीतरी हसलं. बाबांनी माझ्या मांडीवरचे भाषणाचे कागद उचलून माझ्या हातात कोंबले.

मी बाटली उघडली, मोठा घोट घेतला आणि तोंड मिटलं.

एवढंसं पाणी एवढं जड कधी लागलं नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते, मी घोट कधी गिळते याची वाट बघत. गिळलं की मी उभी राहीन हे त्यांना कळत होतं, मलाही. मी नाकाने श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी छाप उलटसुलट करत शेजारणीला म्हणाली, "हा आपलाच खडक. आणि हा अंधार कसला गो?"

"भराव असेल."

"भराव काळा असतो? पाणी हाय ते. खोल पाणी."

"तेल आहे, तेल," मागून एक वाडीवाला म्हणाला. "जहाजांचं."

गृहस्थ थांबले. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली आणि आमच्याकडे बघून विचारलं, "तुमच्यापैकी कोण बोलणार?"

बाबा उभे राहिले.

आयुष्यात पहिल्यांदा. भाषणाचे कागद माझ्याच मांडीवर होते, त्यांच्या हातात फक्त चित्र होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि पहिलं अक्षर अडलं. जबडा हलत राहिला, मानेची शीर वर आली. मला त्यांचं वाक्य पुरं करता आलं असतं, मी जन्मभर तेच केलं होतं. मी गाल आवळून बसले.

"हे का-का-काळं," त्यांनी कागद वर धरला, "क-काय आहे?"

एवढंच. ते उभेच राहिले, उत्तराची वाट बघत. आमच्या पत्रकांनी कधी कुणाला काही विचारलेलं नव्हतं.

मग एकजण बोलली, तिला दुसऱ्याने खोडलं. वाडवळीत, गुजरातीत, बाजारच्या मराठीत. एका तरुणाने म्हटलं, ती नोकरी आहे, अजून दिसत नाही म्हणून काळी. त्याच्या आईने त्याला तिथेच विचारलं, मग ती दिसल्याशिवाय खडक कशाला देतोस. गृहस्थांनी दोनदा माईक ठोकला. सभा त्यांच्याही हातात राहिली नव्हती आणि आमच्याही. त्या दिवशी कुठलाच ठराव झाला नाही, भांडत भांडतच माणसं घरी गेली.

बाबा खाली बसले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी माझ्या बाटलीकडे हात केला. मी ती त्यांना दिली आणि तेव्हा कुठे माझा घोट गिळला. पाणी अंगाइतकं गरम झालं होतं.

ते घटाघट प्यायले. मग थांबले, शेवटचा घोट गालात धरला आणि भांडणाऱ्या गावकऱ्यांकडे बघत राहिले.