धुराड्याकडची खाट

संशय घेणं हा माझा जुना छंद. भाजीवाल्याचा तराजू, शेजारणीचं गोड हसू, डॉक्टरांचं ‘काळजीचं काही नाही’, यातलं काहीच मी सरळ घेत नाही. त्यामुळे बोईसरच्या त्या दवाखान्यातला वॉर्ड चिडीचूप दिसला, तेव्हा माझे कान उभे राहिले.

दातिवऱ्याच्या माझ्या मामाच्या पायात शिंगाळ्या माशाचा काटा घुसला होता. पाय टम्म सुजला, ताप चढला, म्हणून त्याला दाखल केलेलं. पूर्वी याच वॉर्डात आई होती तेव्हा काय थाट असायचा! डॉक्टर खाटेशी उभे राहून औषधं मोठ्याने सांगत, सिस्टर तितक्याच मोठ्याने ती परत म्हणत, आणि कोणाला काय चाललंय ते सगळ्या वॉर्डाला पाठ होई. आता डॉक्टर तपासून वर केबिनमध्ये जात, कॉम्प्युटरवर ऑर्डर टाकत, आणि ती खाली सिस्टरच्या स्क्रीनवर उमटे. मधे कोणी तोंड उघडायची गरजच नाही.

“यामुळे चुका होत नाहीत,” सिस्टर म्हणाली. इतक्या अभिमानाने म्हणाली, की मला तिथेच शंका आली.

मामाची चिंता वेगळीच होती. त्याचा लेक होडी घेऊन समुद्रात जातो म्हणाला होता आणि आता त्याचा फोन लागत नव्हता. मामाची खाट भिंतीकडे, खिडकी पलीकडच्या खाटेला. खिडकीतून दिसत होतं कारखान्याचं धुराडं, आणि मामाला तेच हवं होतं. धूर कुठे झुकतो ते दिसलं की वारा कळतो. खिडकीतला पेशंट नेमका त्याच कारखान्यातला कामगार, साखर वाढली म्हणून आलेला. त्याला त्या धुराड्याचा वीट आला होता.

“चाचा, आप ही देखो उसको. मैं तो बीमार होके भी ड्यूटी पे बैठा हूँ.”

सकाळी मी चहा घेऊन येते, तर दोघांनी खाटा बदललेल्या! आमच्याकडे हे नेहमीचंच. पूर्वी पेशंट खाटेच्या पायाशी लटकणारा कागदही काढून नव्या खाटेला अडकवायचा आणि विषय संपायचा. आता लटकायला काही नव्हतंच. उशी हलली, लुंगी हलली, पाण्याची बाटली हलली. कॉम्प्युटरमधला खाटेचा नंबर मात्र जागचा हलला नाही.

नाश्त्याआधी ड्यूटी बदलून दुसरी सिस्टर आली. स्क्रीन पाहून ती सरळ खिडकीशी आली. हातात बारीकशी सुई.

“बाबा, पोट दाखवा.”

मामाने बनियन वर केलं. भर समुद्रात कोणाला न जुमानणारा माणूस, पांढरे कपडे दिसले की कोकरू होतो.

“पोट?” मी कप आपटला. “काटा पायात आणि सुई पोटात?”

“ताई, डॉक्टरांची ऑर्डर आहे. स्क्रीनवर दिसतेय.”

“मग डॉक्टरांना इथे येऊन बोलू दे.”

“बाय, गप ना,” मामा कुजबुजला. “त्यांना कलतं सगला. नाय म्हटलं तर बरं दिसत नाय.”

मी दोन्ही हात पसरून मधे उभी राहिले, अगदी नाटकातल्यासारखी. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, “सिस्टर, वो सुई तो मेरी है. रोज़ नाश्ते से पहले लगती है.”

सिस्टरचा हात हवेतच थांबला. “बाबा, तुम्हाला साखर आहे?”

“हाय ना. चहात.”

वॉर्ड हसला. सिस्टरने मात्र आधी सुईला टोपण लावलं. साखर उतरवायचं औषध, साखरेचा त्रासच नसलेल्या उपाशी म्हाताऱ्याला! काय झालं असतं ते तिला लगेच समजलं. मला डॉक्टरांनी सांगितलं, धावत खाली येऊन. किती तरी दिवसांनी त्या वॉर्डात डॉक्टरांचा आवाज घुमला असावा.

“मग कॉम्प्युटरमध्ये खाटा बदला,” मी म्हटलं. ते फक्त ऑफिसातून होतं, आणि ऑफिसवाला सोमवारी येणार होता. तोवर माणसांनीच परत बदलायचं ठरलं. मामा भिंतीकडे गेला, तोंड फिरवून पडला आणि पेजेला हात लावेना.

“चाचा,” खिडकीकडच्या खाटेवरून कामगार म्हणाला, “धुआँ पहाड़ की तरफ़ है. धीरे-धीरे.”

“म्हंजे दर्यावरून मंद वारा. पोर बरा हाय.” मामा उठून बसला आणि पेज प्यायला.

मग दिवसभर बातम्या सुरू झाल्या. धूर नेहमी डोंगराकडेच, नेहमी धीरे-धीरे. मला संशय आला नाही तर मी मी कसली? संध्याकाळी उठून खिडकीशी गेले. धूर समुद्राच्या दिशेने आडवा धावत होता. मी कामगाराकडे पाहिलं. त्याने चादरीचं टोक नीट करायला घेतलं.

“काय गो, बराबर सांगतं ना तो?” मामाने विचारलं. त्याच्या हातात पेजेची वाटी होती.

“अगदी बरोबर,” मी म्हटलं, आणि पडदा ओढून घेतला.

लेक दुसऱ्या दिवशी बोंबील घेऊन दवाखान्यात हजर झाला. वारा फिरलेला बघून तो बाहेर पडलाच नव्हता. बंद पडलेला फोन मात्र घरीच विसरून मित्राकडे पत्ते खेळत बसला होता. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, म्हणजे त्यातही कितपत खरं कोणास ठाऊक.