मालधक्क्याच्या कुंपणातली वाट

“हे कुणाच्या बंगल्याचं कंपाउंड?” मूर्तींनी चष्मा वर सरकवत विचारलं.

टेबलावर मालधक्क्याचं मॉडेल होतं. सहा रूळ, गोदाम, वाघिणी म्हणजे मालाचे डबे, आणि भोवती चकचकीत जाळीचं, पट्टी लावून सरळ केलेलं कुंपण. कुंपण मी केलं होतं. मूर्ती निवृत्त यार्डमास्तर. तेव्हा ते एका रेल्वे प्रशिक्षण केंद्रात शंटिंग शिकवत, म्हणजे डबे पुढेमागे ढकलून मालगाडी जुळवायला. केंद्राने त्यांना मॉडेल तपासायला पाठवलं होतं.

“ड्रॉइंगमध्ये नुसती रेघ आहे, सर,” मी म्हणालो.

“रेघ बरोबर आहे. कुंपण चूक आहे. शुक्रवारी प्राचार्य येतील. हे असंच राहिलं तर मी पास म्हणणार नाही. काम मद्रासच्या मॉडेलवाल्यांकडे जाईल.”

ते गेल्यावर शंकरअण्णांनी कुंपणाच्या जाळीवरून बोट फिरवलं. अण्णा माझे मालक, बंगळूरच्या जुन्या मराठी घरातले. नव्वदच्या दशकात बनशंकरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये फक्त बिल्डरांच्या इमारतींची मॉडेल्स होत. अण्णांचे वडील यार्डात शंटर होते, म्हणून हे एक काम त्यांनी स्वतः मागून आणलं होतं. अण्णा आता नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की मला हेच आधी आठवतं.

“बिल्डरवाला हात आहे आपला,” त्या दिवशी ते म्हणाले. “उद्या फ्लॅटचं पझेशन द्यायचंय असं दिसतंय. चल, खरं बघून येऊ.”

आम्ही शहराबाहेरच्या एका मालधक्क्यावर गेलो. तिथे कुंपणाला नवे खांब नव्हतेच. झिजलेले रूळ कापून उभे पुरलेले, त्यांतून तारा ओढलेल्या. काही खांब कलले होते. गोदामासमोर दोन खांबांमधल्या तारा पार खाली दबलेल्या. तिथून पायवाट निघून थेट चहाच्या गाडीपाशी जात होती. हमाल, कारकून, गार्ड, सगळे त्याच वाटेने ये-जा करत होते.

अण्णांनी टेप काढला. “स्वल्प थांबा हं,” म्हणत एका हमालाला त्या फटीत उभं केलं.

“शर्ट शिवणार का, अण्णा?”

“कुंपण शिवतोय.”

“मग ढगळ शिवा. पाठीवर पोतं असतं.”

परतल्यावर अण्णा म्हणाले, “रेल्वे करते तेच करू.” मॉडेलच्या रुळांचे उरलेले तुकडे आम्ही पावणेदोन सेंटीमीटरचे कापले. खरी सत्त्याऐंशी फूट लांबी आमच्याकडे एक फूट होते, त्या हिशोबाने हा पाच फुटी खांब. तारांसाठी मोटारीच्या वाइंडिंगची बारीक तार चिकपेटच्या बाजारातून आणली. गंज म्हणून गेरू डिंकात कालवून लावला. दर सातवा खांब कलता ठेवला. मी पुन्हा पट्टी घेऊन तो सरळ करायला गेलो, तेव्हा अण्णांनी पट्टी काढून घेतली. गोदामासमोर फट ठेवली, पोत्यासकट माणूस जाईल एवढी.

शुक्रवारी प्राचार्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

“सरकारी हद्दीला भोक? ड्रॉइंगमध्ये आहे का?”

“नाही, सर.”

“मग बुजवा.”

“सर,” मूर्ती म्हणाले, “शंटिंग चालू असताना माणूस इथूनच रुळावर येतो. शिकणाऱ्यांना ते दिसायला हवं.”

“त्यांना दिसू दे. उद्घाटनाला मोठे साहेब येणार, त्यांना नको.”

दोघेही अण्णांकडे बघायला लागले.

“सरी, चालेल,” अण्णा म्हणाले. “दोन्ही होईल.”

त्यांनी फटीएवढा कुंपणाचा सुटा तुकडा केला, दोन टाचण्यांवर बसणारा. पाहुणे आले की लावायचा, वर्ग भरला की काढायचा. प्राचार्यांनी तो दोनदा लावून, दोनदा काढून पाहिला आणि मॉडेल पास केलं. मूर्तींनी मात्र वाकून गंज लावलेले खांब एकेक करून पाहिले. “हे आमचंच यार्ड,” एवढंच म्हणाले. अण्णा त्या दिवशी दुपारी जेवलेच नाहीत, खुशीत विसरले.

महिन्याभरात केंद्राचं पत्र आलं: कुंपणाचा एक तुकडा गहाळ, कृपया पाठवावा. पाठवला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच पत्र. तिसऱ्या पत्रानंतर अण्णांनी मूर्तींना फोन केला.

“तुकडा नेतं कोण?”

“मी विचारत नाही,” मूर्ती म्हणाले.

अण्णांनी एकदम अर्धा डझन तुकडे पाठवून दिले.

तेव्हापासून कुठल्याही कुंपणाचं काम आलं की मी आधी विचारतो, इथून माणसं जातात कुठून? ड्रॉइंग देणाऱ्याला ते सहसा ठाऊक नसतं.