दसऱ्याची पहिली किक
झेंडूच्या हाराला पेट्रोलचा वास लागला की मला अजून राग येतो. पारोळ्याच्या घरी, अंगणात, नानांनी म्हणजे माझ्या वडिलांनी भंगारात काढलेली मोटरसायकल मी आठ महिने खपून उभी केली होती. इंजिन खोललं, वायरिंग बदललं, टाकी घासून स्वतः रंगवली. नखांतलं काळं ग्रीस तसंच घेऊन शाळेत शिकवायला जायचे. दसऱ्याला गाडीला हार घातला, आणि नानांनी माझ्या हातात आरतीचं ताट देऊन धाकट्या भावाला हाक मारली. "गाडी बठ्ठी तयार शे, आते भाऊले बसू दे." म्हणजे गाडी सगळी तयार आहे, आता भावाला बसू दे. या भावानं आठ महिन्यांत मला एकदा पानासुद्धा उचलून दिला नव्हता. त्यानं नारळ फोडला, ऐटीत बसला आणि किक मारू लागला. दहा झाल्या, वीस झाल्या, शर्ट पाठीला चिकटला. जुना कार्बोरेटर गळतो म्हणून टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, मी रोज बंद करून ठेवायचे. हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. शेजारी जमले. नाना वैतागून म्हणाले, "एवढे महिने हिनं केलं तरी काय?" मी ताट त्यांच्याच हातात दिलं, भावाला उतरवलं, कॉक उघडला आणि एका किकमध्ये गाडी सुरू केली. साडी खोचून थेट धुळ्यापर्यंत गेले, मागे वळून पाहिलं नाही. यंदाच्या दसऱ्यालाही नानांनी नारळ भावाच्याच हातात दिला. कॉक मी बंदच ठेवला होता.