चौदा ओळींचा तक्ता, दोन दुधाचे कॅन आणि सुप्याचं मैदान

आमच्या घरी गाडी एकच आहे, आणि तिला नोकऱ्या दोन. रोज सकाळी ती डेअरीला दूध घालते आणि उरलेला दिवस माझ्या डोक्यात ऑटोक्रॉस पळते. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू मांडायचे, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. शंकू पडला की दंडाचे सेकंद वाढतात. सुप्याजवळ एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये अशी स्पर्धा आहे आणि घरची साधी गाडीही चालते, हे वाचलं त्याच दिवशी मी जायचं ठरवलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, यांनी गेल्याच महिन्यात पुढचे दोन्ही टायर नवे घातले होते. ते नाही म्हणाले नाहीत.

"ने. पन मी संगं येनार. आन मैदानातनं निघताना टायरला हात फिरवून बघनार. खाल्लेला दिसला, तर गाडी दुधाची. मैदान बंद."

मी लगेच हो म्हटलं. घरातली पहिली पदवीधर मी, विषय भौतिकशास्त्र. शिक्षणाचा घराला उपयोग झाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि आप्पांच्या कामाला येईल असा भौतिकशास्त्राचा प्रश्न पहिल्यांदाच समोर आला होता. रोज सरळ चालेल, टायर खाणार नाही आणि मैदानात चटकन वळेल, अशा गाडीची चाकं किती अंशांत लावावीत? आठवडाभर वाचून मी चौदा ओळींचा तक्ता केला आणि त्याची प्रिंट काढली.

रविवारी सकाळी दूध घालून घोडेगावहून निघालो. बघते तर मागे दुधाचे दोन कॅन, पाण्यानं काठोकाठ भरलेले.

"हे कशाला, आप्पा?"

"मोकळा बैल कुनाचाबी सरळ चालतो. वझं घालून बघायचं असतं."

आप्पा घोडेगावच्या बाजारात लोकांना बैल पारखून देतात. खूर कुठून झिजलाय हे हातानं बघतात, मग बैल चालवून मागून चाल बघतात. यावर वाद घालायचा नसतो.

जाणाऱ्यांसाठी सांगते: नगरपर्यंत रस्ता चांगला आहे, पण उसाची ट्रॉली पुढे आली तर घड्याळ विसरा. आम्ही पांढरीपुलाला चहा घेतला आणि शहर ओलांडून केडगावला पोचलो. तिथलं अलाइनमेंटचं दुकान रविवारीही उघडं असतं, तरी आधी फोन करा. मला पाचशे रुपये लागले.

दुकानाच्या मेस्तरींनी माझा तक्ता शेवटपर्यंत वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला.

"ताई, तक्ता झ्याक हाय. पन या गाडीला पुढं एकच गोष्ट फिरती. टो."

"आणि कॅम्बर?"

"चाक वरनं आत झुकवायचं म्हनता ना? त्याला येगळा बोल्ट लागतो. मागवावा लागंल. मागच्या चाकांचं तर काईच फिरत न्हाई."

तेरा ओळी तिथेच संपल्या. उरला टो. तो समजावायला मेस्तरी स्वतःच उभे राहिले. पायांचे पंजे आत वळवले, हा टो-इन. बाहेर फाकवले, हा टो-आऊट. सरळ ठेवले, शून्य.

"रोजची गाडी हाय. शून्य ठिवा," ते म्हणाले.

"थोडा बाहेर ठेवा. वळताना फायदा होतो."

मेस्तरींनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "ती शिकल्याली हाय." हे कौतुक नव्हतं हे मला नंतर कळलं.

मेस्तरींनी टो बाहेर केला आणि तीन चहा सांगितले. "आत्ता नको," मी म्हणाले, "उशीर होईल." "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "निवायच्या आत परत येताल."

पुणे रोडवर ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत. आमची गाडी प्रत्येक चाकोरीत डोकावून पाहायला लागली. आप्पांनी वरची कडी धरली.

"ही गवत हुडकती का?"

"रिस्पॉन्सिव्ह झालीय, आप्पा."

शेजारच्या ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला.

"त्योबी तेच म्हनतोय," आप्पा म्हणाले.

पुढच्या वळणावरून मी गाडी परत फिरवली. चहा खरोखरच कोमट होता. मेस्तरींनी पैसे पुन्हा घेतले नाहीत. या वेळी त्यांनी आम्हा दोघांना गाडीतच बसवून ठेवलं, मागे कॅन होतेच, आणि टो शून्य केला. "रोज जेवढं वझं, तेवढ्यावर लावायची," असं म्हणाले. आप्पांनी माझ्याकडे बघायचं कटाक्षानं टाळलं.

सुप्याच्या मंगल कार्यालयाच्या कमानीवर 'वधूवरांचे हार्दिक स्वागत' तसंच होतं. तपासणीत गाडीतलं सगळं सुटं सामान उतरवायला लावतात, हे ध्यानात ठेवा. प्यायचं पाणी मात्र कुणी आणलं नव्हतं. आमचे कॅन तासाभरात रिकामे झाले. पाण्याला दुधाचा वास येतो अशी तक्रार एकानं केली, पण दुसरा ग्लास घेताना.

आप्पा सुरुवातीच्या रेषेच्या बरोब्बर मागे उभे राहिले. आयोजकांपैकी एक जण तीनदा येऊन गेला. "काका, बाजूला व्हा, इथं धोका आहे."

"मला चाल बघायचीय," आप्पा म्हणाले आणि एक पाऊल सरकले.

तीन फेऱ्या मिळतात. पहिल्या फेरीत मी दोन शंकू पाडले. दुसरीत रस्ता चुकून कार्यालयाच्या भटारखान्याकडे निघाले. तिसरी स्वच्छ झाली, पण प्रत्येक वळणावर पुढची चाकं किंचाळत होती. मी खालून तिसरी आले आणि मला हसू आवरत नव्हतं.

आप्पा उकिडवे बसले आणि टायरवर तळहात फिरवू लागले. आतली कड, मधला भाग, मग बाहेरची कड. तिथे हात थांबला.

"हितं खाल्लाय."

मीही हात लावला. किसणीसारखं लागत होतं. टोचा दोष नव्हता. चाक आत झुकलेलं नसलं की जोरात वळताना टायर बाहेरच्या कडेवर लोळतो. तक्त्याच्या सहाव्या ओळीत मीच ते लिहिलं होतं. ते सगळं आप्पांना सांगितलं, आणि शेवटी मीच म्हणाले, "म्हणजे अट मोडली." किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"चालव," ते म्हणाले. "सकाळी दूध हाय."

परतीच्या रस्त्यावर गाडी दोरी लावल्यासारखी सरळ गेली. नगर सुटल्यावर आप्पांना झोप लागली. मी चालवत असताना ते आजवर कधी झोपले नव्हते.

घरी मैदानाचा विषय कुणी काढला नाही. आठवडाभर मी मुकाट्यानं दूध नेलं आणि तक्ता कपाटात ठेवला. माझ्यापुरता निकाल लागला होता.

मग बाजाराच्या दिवशी आप्पांना बैलबाजारात सोडलं. गाडी लावतेय तोच ते एका ओळखीच्या गिऱ्हाइकाला घेऊन आले आणि त्याला पुढच्या चाकापाशी बसवलं.

"हात फिरवा. भाईरच्या कडंवर."

"खाल्लाय की वो."

"व्हय. पोरीनं मैदानात वळवली. चाक वरनं आत झुकवलं की न्हाई खात. बोल्ट मागवल्यात."

"कुणी मागवले?" मी विचारलं.

"म्या. मेस्तरीला फोन केल्ता." आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. "तुज्या तक्त्यात दोन अंश हुतं. लई व्हतंय, दुधाला जायचं असतं. म्या एक सांगितला."